अकरा पेले आणि झोपलेला कांदा

शाळेत त्याला केंद्रक म्हणायचे, कॉलेजात आल्यावर ते न्यूक्लियस झालं. शाळेतलं केंद्रक मी फक्त फळ्यावर पाहिलं होतं. मास्तर खडूनं एक गोल काढायचे, त्यात दुसरा लहान गोल, आणि त्या लहान गोलाला बाण. बाणाच्या टोकाशी ‘पेशीचे नियंत्रण करते’ एवढं लिहिलं की दोन मार्क. कसलं नियंत्रण, कुणावर, कसं, हे विचारायची आमच्या शाळेत पद्धत नव्हती. मी एकदा विचारलं तर मास्तर म्हणाले, “तू आधी नीट गोल काढायला शीक.” गोल मला अजूनही नीट येत नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. मोठा दुष्काळ अजून यायचा होता आणि विहिरींना पाणी होतं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव कांद्याचं. मी नगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते आणि राहायला भिंगारला मावशीकडे होते. मावशीचे यजमान लष्करी भांडारात कारकून, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यात माझी एक ट्रंक. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा अण्णांनी सांगून टाकलं होतं, “पयला वर्ग मिळाला तर जा पुन्याला फुडं शिकाया.”

“आन् न्हाई मिळाला तर?” मी विचारलं.

“मग बघू.”

आमच्या घरात या ‘बघू’चा अर्थ लहान पोरांनाही ठाऊक होता. आईच्या शिवणयंत्राला अण्णा ‘बघू’ म्हणाले होते त्याला सात वर्षं झाली होती. त्यामुळे मी त्या वर्षी जीव तोडून अभ्यास केला. थिअरीत माझं इंग्रजी लंगडायचं, हे मला माहीत होतं. सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर होती. तिथे हात चालवायचा असतो, आणि हात माझा कुणापेक्षा कमी नव्हता.

प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात मोठा प्रश्न कांद्याच्या मुळाचा. पेला पाण्यानं काठोकाठ भरायचा, त्याच्या तोंडावर कांदा असा बसवायचा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढऱ्याशुभ्र मुळ्या फुटतात. त्यांचं अगदी टोक, नखाएवढंही नाही, सकाळी दहाच्या सुमारास कापायचं आणि अल्कोहोल आणि ॲसिडच्या मिश्रणात एक दिवस बुडवून ठेवायचं, म्हणजे पेशी त्या क्षणी जशा असतील तशाच थांबतात. मूळ वाढतं ते टोकाशीच. तिथल्या पेशी सारख्या दुभंगत असतात, एकीच्या दोन होतात, आणि न्यूक्लियसचं खरं काम पाहायचं तर ते तिथे दिसतं. दुसऱ्या दिवशी ते टोक रंगात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर हलकं गरम करायचं, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच ठेवायची, तिच्यावर टिपकागद, आणि अंगठ्यानं दाबायचं. दाब सरळ खाली. अंगठा जरा तिरका सरकला की सगळ्या पेशींचा लगदा झालाच समजा.

आमचे सर तरुण होते, मुंबईकडचे, पहिलीच नोकरी. शिकवायचे फार छान. पुस्तक इंग्रजी, पण समजावताना मराठीत यायचे. न्यूक्लियसला एक पातळ दुहेरी पटल असतं, त्याला बारीक भोकं असतात, आत जाळ्यासारखा धाग्यांचा गुंता आणि एखाद-दुसरा गडद ठिपका असतो, तो न्यूक्लिओलस. धाग्यांवर त्या जिवाची सगळी माहिती असते. ती मूळ प्रत कधी बाहेर जात नाही. जेवढी हवी तेवढीच नक्कल उतरवून भोकातून बाहेर पाठवली जाते आणि बाहेर त्याबरहुकूम काम होतं. मला हे ऐकताना आमच्या आईचं बियाण्याचं मडकं आठवायचं. राख घालून, तोंड शेणामातीनं लिंपून ती ते माळ्यावर ठेवायची, आणि पेरणीला लागेल तेवढंच बी काढून द्यायची. मडक्याला हात लावलेला तिला खपायचा नाही. मी हे वर्गात बोलून दाखवलं, सगळे हसले, आणि सरांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून सर म्हणतील ती पूर्व दिशा, असं माझं झालं.

मार्च सरत आला तेव्हा सर म्हणाले, “परीक्षेसाठी कांदे लागतील. उत्तम हवेत. कोण आणेल?”

त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. कांदा म्हणजे आमचं घर! वर्गातली बाकीची दहाजणं बाजारातून पिशवीत कांदे आणणारी, आणि मी कांद्यात लोळून वाढलेली. मी ऐटीत सांगितलं, “सर, काळजीच सोडा.”

अण्णांना निरोप मिळाला आणि ते हुरळून गेले. कॉलेजात, परीक्षेला, आपला कांदा! नुकतीच उन्हाळी कांद्याची काढणी झालेली होती. त्यातून त्यांनी एकेक निवडला. मूठभर आकाराचे, गोल, मान बारीक आणि घट्ट वळलेली, साल तांबूस आणि खणखणीत. मुळ्यांचे वाळके झुपके विळ्यानं तासून बुडं गुळगुळीत केली आणि एस.टी.नं स्वतः आणून दिले. पंधरा कांदे त्यांनी स्वच्छ धोतराच्या तुकड्यात बांधून आणले होते. सरांच्या हाती देताना म्हणाले, “दिवाळीपत्तूर ठेवा सायेब, डाग न्हाई पडायचा.” सर खूष झाले, मी तर विचारूच नका.

शुक्रवारी अकरा पेले खिडकीत ओळीनं मांडले. पुढच्या गुरुवारी परीक्षा. अकराजणांची अकरा नावं पेल्यांवर चिकटवलेली. शनिवारी काही नाही. रविवारी मी भिंगारहून खास चालत जाऊन शिपायाला प्रयोगशाळा उघडायला लावली, तरी काही नाही. कांदे आपले सिनेमातल्या सावकारासारखे पेल्यांवर बसलेले, ढिम्म. बुडाला हात लावून पाहावं तर दगड. सर पुन्हा पुन्हा म्हणत, “पाणी बदला.” आम्ही पाणी बदलायचो. कुणी कोमट पाणी घालून पाहिलं, कुणी पेला उन्हात ठेवला, कुणी सावलीत. एकानं उदबत्तीही लावली. तीन महिन्यांपूर्वी थंडीत आम्ही याच खिडकीत बाजारचे लाल कांदे ठेवले होते तर दोन दिवसांत त्यांना म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या मुळ्या आल्या होत्या. हिवाळ्यात कापून ठेवलेली टोकं सरावात संपून गेली होती. सरांच्या बाटलीच्या तळाशी तीन तेवढी उरली होती, तीही काळवंडलेली.

सोमवारी सकाळी वर्गात कुणी माझ्याशी नीट बोलेना. एकजण म्हणाला, “तुमचे कांदे शोभेचे आहेत का?” माझा स्वभाव तेव्हाही तिखट. मी म्हटलं, “आमचे कांदे चांगलेच आहेत, तुझं पाणी खराब असेल.” पण आतून मी घाबरले होते. माझा पहिला वर्ग तर जाणारच होता, वर दहाजणांच्या वर्षावर माझ्यामुळे पाणी पडणार होतं. सर एकेक कांदा उचलून बूड पाहत होते आणि परत ठेवत होते, ते मला जास्त लागलं. बाजारातून दुसरे आणावेत म्हणून शिपाई गेला, तर तिथेही सगळीकडे नवा उन्हाळी कांदाच. मी सरांना सांगून दुपारची एस.टी. पकडली.

घरी पोचले तेव्हा अण्णा चाळीपाशी होते. कांदा साठवायची ही बांबूच्या भिंतींची, वारा खेळता राहणारी लांबट खोप. ते आत नवे कांदे रचत होते. मी पोचले तीच तोंड सोडलं. “अण्णा, तुमचे कांदे मेल्यात. चार दिस झालं, एकालाबी मुळी न्हाई. समद्या वर्गात माझं हसू झालं.”

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. त्यांचं बी आजोबांपासून चालत आलेलं, आसपासच्या चार गावांत त्याला मान होता. “मेल्यात?” म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहिलं. “मुळ्या? तुला मुळ्या पायजे हुत्या?”

“मग काय! मुळ्यांचीच तर परीक्षा हाय.”

अण्णा खाली बसले आणि हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला असा राग आला की काय सांगू. “अगं, तू कांदेकऱ्याची पोरगी ना? ह्यो उन्हाळी कांदा. काढला की चार म्हैने झोपतो. झोपतो म्हनून तर चाळीत टिकतो. ह्याला मुळी फुटली असती तर मी ह्याला चांगला म्हनलो असतो व्हय? तू सांगितलंस, लई चांगला कांदा द्या. मी दिला चांगला. आमचा चांगला म्हंजी जो उठत न्हाई त्यो.”

वीस वर्षं मी त्या कांद्यांत काढली होती आणि कांदा मुळी फोडतो कधी आणि फोडत नाही कधी हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. सरांनाही वाटलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना कांदा म्हणजे कांदा.

“मग आता?” मी विचारलं.

अण्णा उठले आणि मला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे गेल्या महिन्यात टाकून दिलेले रांगडे कांदे पडले होते. रांगडा म्हणजे हिवाळ्याअखेरीस निघणारा. टिकायला कच्चा. त्यातलेही हे निवडून फेकलेले: कुणाला दोन तोंडं, कुणाची मान जाड, कुणी एका बाजूनं मऊ पडलेला. जनावरांच्या पाण्याचा ओघळ तिथून जायचा. अण्णांनी एक कांदा उलटा केला. बुडाला पांढरे ठिपके टरारून आले होते, काहींना तर बोटभर मुळ्या. “ह्ये बघ. ह्यांना झोप न्हाई आन् अक्कल बी न्हाई. ने.”

मंगळवारी सकाळी मी पाटीभर उकिरड्यावरचे कांदे घेऊन प्रयोगशाळेत शिरले. त्या पाटीचा वास एस.टी.भर घुमला होता, कंडक्टरनं मला मागच्या बाकावर पाठवलं होतं. वर्गातल्या मंडळींनी नाकाला रुमाल लावले. मी एकेक वेडावाकडा कांदा पेल्यावर बसवला, जुन्या मुळ्या खुडून टाकल्या आणि सरांना अण्णांचं सगळं म्हणणं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. “हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नाही,” म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. बुधवारी दहाला अकराही पेल्यांत नव्या मुळ्या होत्या. आम्ही ब्लेडनं टोकं कापली तेव्हा उदबत्ती लावणारा म्हणाला, “शेवटी देव पावला.” मी म्हटलं, “देव नाही, गोठा पावला.”

गुरुवारी पुण्याहून परीक्षक आले. उंच, वाळकेसे, जाड भिंगाचा चष्मा. माझी पहिली काचपट्टी अंगठा सरकून बिघडली. दुसऱ्या वेळी मी श्वास धरून दाबलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि सगळी भीती गेली.

ते मी आजही तसंच्या तसं सांगू शकते. लालसर पेशींची विटांसारखी रास. बहुतेकांत न्यूक्लियस गोल, दाणेदार, आत गडद ठिपका, शांत. मग एकात ते पटलच विरघळलेलं, ठिपका नाहीसा, आणि गुंत्याचे सुटे सुटे जाड धागे झालेले. शेजारच्या पेशीत ते धागे मधोमध ओळीनं उभे. आणि एका पेशीत, अगदी भिंगाच्या मध्यावर, दोन सारखे वाटे दोन टोकांकडे निघालेले, केळ्याची साल ओढावी तसे वाकून. एक धागा इकडे तर त्याची हुबेहूब जोडी तिकडे. कुणावर अन्याय नाही. मला इतका आनंद झाला की परीक्षा आहे हे मी विसरले आणि मोठ्यानं “अगं बाई!” म्हणाले.

परीक्षकांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. न्यूक्लिओलस कुठे गेला, धागे किती, सोळाच का, असं विचारलं. मी सांगत गेले, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. कांदे कसे मिळवले तेही न विचारता सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. “मग मला सांगा, झोपलेल्या कांद्यात न्यूक्लियस काय करत असतं?”

मला येईना. माहिती सगळी आत आहे, पण बाहेर नक्कल जात नाही, एवढं म्हणता आलं. का जात नाही, कोण थोपवतं, हे कुठे ठाऊक होतं! मी म्हटलं, “सर, मला नाही सांगता येत. आमच्या अण्णांना विचारावं लागेल.”

“कुठे असतात ते?”

“बाहेर व्हरांड्यात.” अण्णा सकाळीच आले होते. बाजार समितीत काम आहे अशी थाप मारून आले होते आणि व्हरांड्यातून हललेच नव्हते.

शेवटच्या मुलाची परीक्षा संपल्यावर परीक्षकांनी त्यांना आत बोलावलं. अण्णांनी वहाणा दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि देवळात यावं तसे आले. परीक्षकांनी विचारलं आणि अण्णांनी उन्हाळी कांदा कसा झोपतो, पहिल्या पावसाची ओल लागली तरी कसा लवकर उठत नाही, कुठल्या महिन्यात हाताला कसा लागतो ते सगळं सांगितलं. परीक्षक लिहून घेत होते. मग सरांनी अण्णांना माझ्या मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मी शेजारी उभी राहून सांगायला लागले: “ह्ये गोल बघा अण्णा, ह्ये न्यूक्लियस. ह्याच्यात तुमच्या बियाचं समदं हाय. रंग, चव, झोप. आन् मधी बघा, धागं दोनीकडं चाललेत, दिसलं का? काल सकाळी धाला ते चाललं हुतं आन् आमी तितंच थांबिवलं.”

“दिसलं, दिसलं,” अण्णा म्हणाले. “व्हय, व्हय. लई भारी.” मी आणखी सांगितलं, ते आणखी “दिसलं” म्हणाले. चांगला पाव तास मी बोलत होते.

गावात गेल्यावर त्यांनी कहर केला. पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं असतील तिथे अण्णा सांगायचे, “कांद्याच्या पोटात सोळा धागं असत्यात. म्या सोता मोजल्यात.” लोक कांदे चिरून उजेडात धरायचे.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला मी वर्गात पहिली होते, पण थिअरीनं घात केला. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. गुणपत्रिका मी अण्णांसमोर ठेवली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसले. दोन दिवस ती कोनाड्यात तशीच पडून राहिली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपणही रडायचं नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “ट्रंक भर. पुन्याचं बघून येऊ.” हे ‘बघू’ कुठल्या जातीचं ते मला कळेना, आणि विचारायचं धाडसही होईना. मावशीला कळवलं, ट्रंक भरली, आणि जूनमध्ये आम्ही पुण्याला गेलो.

प्रवेश झाला. वसतिगृहात खोली मिळाली. अण्णांना परतीच्या गाडीला बसवायला मी शिवाजीनगरला गेले. गाडी लागलेली होती, चढायला अजून वेळ होता. न राहवून मी म्हटलं, “अण्णा, पयला वर्ग न्हाई मिळाला मला.”

“म्हाईत हाय. वाचाया येतं मला.”

“मग कसं काय?”

ते पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत राहिले. मग म्हणाले, “तुला म्हनून सांगतो, गावात बोलू नगं. त्या तुमच्या नळीत मला काय बी दिसलं न्हाई. माझ्याच पापन्या फडफडत हुत्या नुसत्या.”

“मग ‘दिसलं, दिसलं’ का म्हनत हुता?”

“तू सांगत हुतीस ना! एक डोळा नळीला लावला हुता, दुसऱ्यानं तुझ्याकडं बघत हुतो. असं त्वांड तुझं मी कंदी बघितलं नव्हतं, बाय. तवाच ठरिवलं. वर्गाचं मग काय घिऊन बसायचं?”

कंडक्टरनं घंटी दिली. अण्णा चढले, खिडकीपाशी बसले आणि नीट जेवत जा म्हणाले. गाडी गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसले आणि भरपूर रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, गावाकडे काही वाईट झालं का. मी म्हटलं, नाही हो, उलट फार चांगलं झालं.